हाताची पाठ

सातपूरच्या आयटीआयत बेंडकुळे मॅडमनी
फळ्यावर गंगापूरचं धरण काढलं.
भिंत वाकडी, पाणी सरळ.
पाण्याची उंची म्हणजे व्होल्टेज, म्हणाल्या,
पाटातून वाहतं ते करंट,
आणि पाटातला गाळ, दगड, जलपर्णी,
तो सगळा रेझिस्टन्स.
मी मागून विचारलं, आणि मासे?
मासे परीक्षेला नाहीत.

मग तपकिरी, काळ्या, लाल पट्ट्यांचा
मुगाएवढा रेझिस्टर हातावर ठेवला. एक हजार ओहम.
नऊ व्होल्ट दिले, नऊ मिलिअँपिअर.
सहा दिले, सहा.
तीन दिले, तीन.
इतकं सरळ उत्तर
मला घरी कुणी कधी दिलं नव्हतं.
दाब निम्मा, तर धार निम्मी.
वहीत मी दोनदा अधोरेखित केलं.

मॅडम तासिका तत्त्वावर.
चारनंतर अंबडला, भावाच्या वाइंडिंगच्या गाळ्यात,
ओढणी कमरेला बांधून
जळक्या मोटरींच्या खाचांतून काळं तांबं उपसायच्या.
मी वेढे मोजायला जायचो.
एका खाचेत बेचाळीस. एक चुकला
की पुन्हा पहिल्यापासून,
आणि वार्निशचा वास जेवणाच्या डब्यापर्यंत.

एप्रिलात पवननगरला सोनजेंच्या गिरणीवर
भरलेली मोटर बसवायला गेलो.
संध्याकाळचे सात. घराघरांत कूलर,
चारशे पंधराचे तीनशे चाळीस झालेले.
वरून बाजरी पडत होती.
मी मनात भागाकार उरकला: दाब कमी, करंट कमी.
क्लॅम्प मीटरच्या जबड्यात वायर धरली.
साडेसातच्या खाली हवा होता आकडा.
नऊ.
सव्वानऊ.

मीटर बिघडलंय, मी म्हणालो.
मीटर नाही रे, त्या ओरडल्या जात्याच्या घरघरीवरून,
हिला बाजरी दळायचीय!
वरून येतं कमी, दळण तेवढंच,
मग ही जास्त ओढते.
आणि तो नियम?
तो त्या मुगाएवढ्या बापड्याचा.
त्याला कुठं काय दळायचं असतं.

जानेवारीपासून त्यांचं मानधन आलं नव्हतं,
हे ऑफिसातल्या शिपायानं सांगितलेलं.
जानेवारीपासून त्या गाळ्यात रात्री दहापर्यंत,
हे मी रोज बघत होतो.
दोन्ही आकडे शेजारी शेजारी
मी कधी लिहिले नव्हते.

पीठ उडत होतं. त्यांच्या भुवया पांढऱ्या.
सोनजेकाकांनी विचारलं,
टिकेल ना हो उन्हाळाभर?

मॅडम बोलल्या नाहीत.
हाताची पाठ मोटरीच्या अंगाला लावली
(तळवा नाही, तळवा चिकटतो,
हे पहिल्याच दिवशी शिकवलेलं)
आणि तशाच उभ्या राहिल्या
ताप बघावा तशा.

ठेवता येतोय हात, म्हणाल्या.
अजून.