अकरावा डोस

बिंगो हॉलच्या भिंतीवर अजून आहेत
नव्वद आकड्यांचे नव्वद दिवे, विझलेले.
ग्रिम्सबी. इथे मासळीचा वास
पाहुण्याला घ्यायला स्टेशनवर येतो.
सकाळी आठपासून मी घडीच्या टेबलामागे
कुपीतून सिरिंजमध्ये
अर्धा मिली. अर्धा मिली. अर्धा मिली.

एका कुपीत दहा, असं कागद सांगतो.
पण हात हलका असला,
बुडबुडा टिचकीसरशी वर गेला,
तर तळाशी उरतो अकरावा.
आमच्याकडे पंगतीत वाढणाऱ्या बाया
शेवटच्या पानासाठी पातेलं
असंच तिरकं धरायच्या.

डोरीन हॅलगार्थ, वय एकोणऐंशी, दुसरा डोस.
"याच खुर्चीवर चौऱ्याऐंशी साली
मला इस्त्री लागली होती."
आणि आज?
"आज काही लागू नये म्हणून आलेय, पोरी."

तिच्यामागे वॉल्ट. चाळीस वर्षं ट्रॉलरवर.
माझ्या निळ्या पेटीकडे बघत म्हणाला,
"आम्ही आइसलँडहून मासा आणायचो.
बर्फ वितळला की सगळी फेरी पाण्यात.
तुझं किती?"
दोन ते आठ अंश, मी म्हटलं.
त्याने मान डोलावली,
एका दर्यावर्दीने दुसऱ्याला बघून डोलवावी तशी.

साडेअकराला नवा खोका फोडला.
तळहाताच्या फोडासारखा जपत आणलेला.
त्याच्या कडेला बारीक ठशात: हडपसर, पुणे.

त्या अख्ख्या हॉलमध्ये
ते नाव नीट उच्चारता येणारी
मी एकटी.

शाळेच्या बसमधून दिसायची ती लांबच लांब भिंत,
उसाची ट्रॉली पुढे असली की
भिंत संपतच नसे.
आम्ही खिडकीतून घोडे मोजायचो.
भिंतीपलीकडे काय शिजतं
हे कुणी विचारलं नाही तेव्हा.

जेवणाच्या सुट्टीत फोन. शरयूआत्या, मांजरीहून.
त्याच भिंतीपासून चालत वीस मिनिटं.
"सहापासून उभी होते गं. अकराला पाटी लावली:
लस संपली आहे.
उद्याचा नंबर आजच लावलाय.
चपला ठेवून आलेय रांगेत,
जुन्या, अंगठा तुटलेल्या. कोण नेणार?"

मी सँडविचचा कागद घडी करत राहिले.
खोक्याचं काही बोलले नाही.
काय बोलणार होते?
की तुझं ताट वाढून
माझ्या टेबलावर आलंय?
"थंडी आहे का गं तुझ्याकडे?" तिने विचारलं.
आहे, आत्या.
दोन ते आठ.

दुपारभर हात चालत राहिले.
हातांना अक्षांश कळत नाहीत,
दंड कळतो.
डोरीनचा, वॉल्टचा, शाळेतल्या शिपायाचा,
एका पाद्र्याचा, डोळे मिटून हसणारा.

आठला दहा कमी. खुर्च्या उलट्या.
शेवटच्या कुपीत एक डोस शिल्लक,
आणि कुपी टोचून साडेपाच तास झालेले.
अर्ध्या तासाने ते नुसतं पाणी,
पिवळ्या डब्यात.

यादीतले तीन नंबर फिरवले.
एक उचलला नाही. एक लिंकनला गेलेला.
तिसरा म्हणाला, मॅच चालू आहे.

मॉप थांबवून राशा बघत होती.
लिथुआनियाची, बत्तीस वर्षांची,
दिवसा कॉडचे काटे काढते, रात्री ही फरशी.
तिच्या वयाची पाळी यायला अजून दोन महिने.
सुपरवायझरने घड्याळाकडे पाहिलं,
मग माझ्याकडे, मग छताकडे.
म्हणजे हो.

तिने बाही सारली.
"कुठून आलं हे?"
हडपसर.
"हडाप्सार," ती म्हणाली.
मी दुरुस्त केलं नाही.

कुपी रिकामी केली, तिरकी धरून, पूर्ण.
दिवे मालवताना हिशेब लागला:
तिकडे मध्यरात्र उलटून वीस मिनिटं.
आत्या झोपली असेल.
चपला उभ्या असतील.