रिकामी जागा

एरंडवण्यातल्या एका संस्थेत मी परदेशी मुलांना
मराठी शिकवते. तासाला साडेचारशे, चहा धरून.
तिसऱ्या आठवड्यात सर्वनामं येतात
आणि वर्ग रडकुंडीला.

फळ्यावर लिहिलं : आम्ही. आपण.
ऐकणारा बाहेर असेल तर आम्ही,
आत असेल तर आपण.
"आम्ही जेवलो" म्हणजे तू उपाशी.
"आपण जेवलो" म्हणजे तुझंही ताट होतं.

लोरेटा प्रुइट, गाव मेकन, राज्य जॉर्जिया,
वहीतून मान वर काढत म्हणाली,
बाई, इंग्रजीत एकच आहे.
एवढासा, दोन अक्षरांचा.
आमची राज्यघटना त्याच शब्दानं सुरू होते.
ती लिहिली तेव्हा माझ्या खापरपणजीची खापरपणजी
कुणाच्यातरी यादीत होती,
दोन खेचरं आणि एक लोखंडी कढई यांच्या मधोमध,
किमतीसकट.
तर तो शब्द मराठीत कुठला?

खडू हातातच राहिला.
आमचीही "आम्ही"नंच सुरू होते.
दापोडीच्या शाळेत सातवीच्या पुस्तकात पहिल्याच पानावर होती,
मला तोंडपाठ.
बाहेर उभं राहून ऐकणारं कोण,
हे मी कधी विचारलंच नव्हतं.

शनिवारी तिच्यासाठी खोली बघायला गेलो.
एजंट अदबीचा. पायऱ्यांवरच म्हणाला,
"आपण कुठल्या?"
(हे एक वेगळंच आपण. त्यात तुम्ही एकटे असता.)
तिच्याबद्दलचं सगळं तो मला सांगत होता :
मालकांना चालणार नाही हो.
मागे आफ्रिकेची मुलं होती, फार त्रास.
ही अमेरिकेची आहे, मी म्हटलं.
हो हो, पण दिसायला...
आणि वाक्य तिथंच चप्पल काढून ठेवावं तसं ठेवून
माझ्याकडे वळला. "आपलं आडनाव?"

वडगावकर.
"वडगावकर म्हणजे नेमके कुठले?"

वडिलांनी चौऱ्याहत्तर साली गॅझेटात देऊन बदललेलं आडनाव.
अॅम्युनिशन फॅक्टरीतला एक अख्खा पगार गेला.
चुन्याखालची जुनी पाटी वाचावी
तसं हा माणूस अजून खालचं वाचत होता.

लोरेटानं रस्त्यावर येऊन विचारलं, तो काय म्हणाला?
सांगितलं.
ती म्हणाली, प्रुइट हे यादी ठेवणाऱ्याचं नाव.
आमच्यात कुणी बदललं, कुणी नाही.
माझी आजी म्हणायची, एवढं राबलो,
नाव तरी आपल्याकडे राहू दे.
तुमचं बदलल्यावर विचारायचे थांबले?

मी म्हटलं, उसाचा रस पितेस?

गुऱ्हाळाच्या बाकावर ग्लास धरून बसलो.
घुंगरं वाजत होती. माझ्या जिभेवर "आपण" आलं होतं,
आपल्याला कळतं, आपलं एकच आहे, असलं काहीतरी.
मी ते रसाबरोबर गिळलं.
मेकन म्हणजे दापोडी नाही.
तिच्या चुलतआजोबांना गावाबाहेरच्या झाडापाशी काय झालं
ते तिनं एकदाच सांगितलं होतं, भूतकाळ चुकवत,
आणि मी क्रियापद दुरुस्त केलं होतं.
केलं होतं मी. सवयीनं.

चाचणीत रिकाम्या जागा भरा होत्या.
दर रविवारी ____ पर्वतीवर जातो : बरोबर.
सर, ____ उद्या येणार नाही : बरोबर.
सातवा प्रश्न : ____ या घरात राहतो.
तिथं तिनं काहीच लिहिलं नव्हतं.
समासात पेन्सिलीनं, वळणदार :
घर मिळाल्यावर.

अर्धा गुण दिला. खोडला.
लाल पेन उघडं ठेवून बराच वेळ बसले.
खाली फाटकापाशी रिक्षावाला तिलाच सांगत होता,
"आपण नाही येत तिकडे."

हा अर्थ अजून शिकवायचाय.