गळती

मोहाडीच्या पॅकहाउसला चारी बाजूंनी पत्रा,
वरही पत्राच.
आत सात अंशांचा गारठा
आणि पंख्यांची अशी घरघर
की शेजारणीला हाक मारायची तर कोपरानेच मारावी लागते.

शेठ म्हणाले, वायरमन,
काडेपेटीएवढा ट्रान्समीटर बसव,
बायांच्या कानात बोंडं दे.
यमुना गावित टेबलावरून बोलेल,
कुठली पेटी युरोपची, कुठली दुबईची,
घड कुठे ठेचला, चहा कधी.
पण आवाज पत्र्याबाहेर जाता कामा नये.
तिकडे ओझरला विमानं उतरतात.

रात्री खिशातला रेडिओ कानाला लावून
मी पॅकहाउसभोवती फिरलो,
ठिबकच्या नळ्या चुकवत, वेलींच्या तारांखालून वाकत.
शटरपाशी यमुना कुजबुजली,
"चार नंबर टेबल, देठ लांब ठेवा."
खिडकीपाशीही तीच. पन्हाळीच्या सांध्याशीही तीच.

मला वाटायचं, भोक मोठं तर गळती मोठी.
तसं नसतं.
मुठीएवढं भोक निमूट बसतं,
नखाइतकी बारीक पण पुरुषभर लांब फट
सगळं गावाला सांगून मोकळी होते.
फटीची रुंदी विचारू नये,
लांबी विचारावी.

मग सांध्यांवरचा रंग खरवडला
(रंगामुळे पत्रा पत्र्याला टेकतो, पण भेटत नाही),
तांब्याची जाळी ठोकली,
दाराला रबराऐवजी पितळी पट्ट्या लावल्या,
मीठ-कोळसा घालून नवीन अर्थिंग पुरलं.
शेठ म्हणाले, घर बांधतोयस का डबा?
मी म्हटलं, डबाच.

चौथ्या रात्री पुन्हा फेरी.
शटर गप्प. खिडकी गप्प.
मागे फिरलो, तर वॉचमनच्या खोपटापाशी
यमुना इतकी स्पष्ट
की मी वळून पाहिलं.

खाटेवर दौलत गांगुर्डे, अंगावर घोंगडी,
उशाशी रेडिओ.
"वायरमन, हे नवं स्टेशन लागतं बघ.
गाणी नाहीत, जाहिराती नाहीत, नुसत्या पेट्या मोजतात.
पण बाई गोड बोलते.
रात्री दोनला विचारते,
मामा, जागे आहात का?"

कधीपासून?
"खुडा लागला तेव्हापासून."

त्याच्या डोक्यावर बल्ब.
बल्बची वायर पत्र्यातून आत गेलेली,
डिसेंबरात मीच ओढलेली.
चार रात्री मी फटी बुजवत होतो
आणि आवाज आपला माझ्याच वायरवरून,
दोरीवरून मुंगी जावी तसा, बाहेर येत होता.

पिशवीतून काळं कडं काढलं,
वायरचे तीन वेढे त्यातून घेतले.
यमुना म्हणत होती, "आमच्या सुरगाण्यात अशी थंडी"
आणि तिथेच तुटली.
दौलतने रेडिओला थापट मारली.
बटण पुढे, बटण मागे.
"स्टेशन झोपलं वाटतं."
मी पक्कड पुसत राहिलो.

आत जाऊन यमुनाला सांगितलं.
मामाचं तुला ठाऊक होतं?
तिने कात्रीने एक कुजका मणी उडवला.
"पहिल्याच आठवड्यात चहा द्यायला गेले होते.
माझाच आवाज येत होता त्यांच्या उशाशी."
मग थोड्या वेळाने:
"त्या बल्बचं बटण कुठलं?"
दाखवलं. फळ्यावरचं डावीकडून तिसरं.

पाचव्या रात्री शेवटची तपासणी.
दोन वाजता मी खोपटाशेजारी उभा,
कानाला रेडिओ.
नुसती खरखर, तांदूळ पाखडल्यासारखी.

बल्ब गेला. आला.
गेला. आला.

दौलत उठून बसला.
काठी दोनदा जमिनीवर आपटली,
आत ऐकू जाणं शक्यच नव्हतं.
घोंगडी सारखी करून
पुन्हा फाटकाकडे तोंड करून बसला.

मी रजिस्टर उघडलं, तारीख घातली.
शेरा: गळती नाही.