शेरा

दाजी सबनीसांचं अक्षर मोत्यासारखं,
असं आमच्या घरी अजून सांगतात.
माझे खापरपणजोबा.
जंगल-बंदोबस्ताच्या साहेबाशेजारी मांडी घालून बसत,
बोरू एकदा टेकला की
ओळ संपेतो उचलत नसत.
मोडी तशीच असते. थांबत नाही.

निरोप फोनवर आला.
जयवंती गावित, वनहक्क समिती, सादडपाडा :
"तुम्हाला मोडी येते म्हणे.
आमच्या पाड्याचं पान सापडलंय.
वाचायला या.
अर्थ आम्ही सांगू."

नाशिकहून पेठची एसटी, सावळघाट,
पुढे जीपच्या मागच्या फळीवर गुडघे पोटाशी धरून.
खुर्ची नव्हती. शाळेची ओसरीही नको म्हणाले.
वाघदेवाच्या दगडाशी,
जिथे पान म्हणतं की माणूस नव्हता,
नेमकं तिथंच मला बसवलं.

मी वाचलं :
शके अठराशे एक. मौजे सादडपाडा.
साग चारशे बारा. सादडा नऊशे.
मोह सरकारजमा.
घरे : निरंक.
शेरा : पाडा ओसाड. राखीव करणेस हरकत नाही.

पहिल्यांदा हसली ती यसूबाई भोये.
"ओसाड?
मग वेठीला धरलं कुणाला?
रुळांखाली घालायचा साग
घाटापर्यंत भुतांनी वाहिला का?"

ढवळू महाले उठले नाहीत, बसूनच बोलले.
"घोडा वाजला की माणसं ओहोळात उतरायची.
माझ्या आज्याची आई
तान्ह्याच्या तोंडात पदराचा बोळा धरून बसलेली.
तुमच्या दाजीनं चुलीत हात घातला असता
तर भाजला असता."

मग चुली मोजल्या.
सदतीस.
छत्तीस, कोणीतरी म्हणालं, देवजीची धरू नका,
तो नंतर आला वरच्या पाड्यावरून.
नंतर नाही, आधीच, त्याच्या राबाची जागा अजून काळी आहे.
अर्धा तास भांडले. एक कोंबडी पानावरून चालत गेली.
मी गप्प. माझ्याकडे निरंक होतं.

किसन भुसारे मागून ओरडला :
"वाचून काय मिळणार?
माझा दावा सात वर्षं तालुक्याला पडलाय.
त्यावर पण शेराच आहे. पुरावा अपुरा."
त्याला कोणी उत्तर दिलं नाही.
जयवंतीनं तेही लिहून घेतलं.

एसटीत मी माफीची वाक्यं जुळवून आणली होती.
चांगली होती, शुद्ध होती.
ती म्हणण्याऐवजी वाकले,
तर यसूबाईनं पाय मागं घेतला.
"पाया नको पडू.
माझी कंबर धरलीये, तुला उठवणार कोण?
लिही."

मी म्हटलं, हे खोडते आधी.

"खोडू नको.
त्याच्या खाली लिही.
खोटं पण दिसलं पाहिजे,
नायतर आमचं खरं काय ते कळणार कसं?"

झेरॉक्सच्या कोऱ्या समासात, बॉलपेननं,
त्याच मोडीत, पण मोती नाहीत, वाकडी, गुडघ्यावरची :

शेरा : चुली सदतीस. छत्तीस असेही म्हणतात.
माणसे ओहोळात होती.
तान्हे मूल रडले नाही.
साग याच माणसांनी वाहिला.
कारकुनाने चूल

आणि तिथे हात अडला.
पाहिली?
पाहिली नाही?
पाहिली आणि

ढवळूंना ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं.
ते ठाऊक असायला हवं होतं आमच्या घरी,
आणि आमच्या घरी
फक्त अक्षराचं कौतुक उरलं होतं.

यसूबाईला वाचता येत नाही.
तिनं ओळीवरून बोट फिरवत नेलं,
शेवटच्या अक्षरापाशी आणून ठेवलं.
"इथं थांबली का?"
"थांबली."
"राहू दे तशीच.
फुडल्या मंगळवारी दुसरं पान आहे.
तवर घरच्यांना विचारून ये."