जडवस्तू नोंदवही, पान एकशे बारा

पंखे, छताचे – नऊ. त्यांतले चालू सहा.
खुर्च्या, वेताच्या – चौदा.
त्याखाली, त्याच निळ्या शाईत :
चित्रे, तैल व जल – एकतीस.

बक्षीस दिलं की चित्र नगरपालिकेचं,
असा ठरावच होता, एकसष्ट सालचा.
रोख एकशे एक, नारळ, आणि एक फोटो
ज्यात अध्यक्ष चित्रापुढं उभे, चित्र दिसत नाही.

पहिलं समेळांचं. कोपरीची मिठागरं.
दुकानांच्या पाट्या रंगवायचे ते; मीठही त्यांनी
पाटीवरच्या अक्षरांसारखंच ठसठशीत काढलंय.
सहासष्टचं फ्लोरी डिमेलोबाईंचं :
चेंदणीच्या धक्क्यावर जाळं विणणारा, चेहरा कोरा.
परीक्षकांनी विचारलं, तर म्हणाल्या,
"तो उठून गेला, मी काय करू?"
बहात्तरला बक्षीस नाही. शेरा : दर्जा नाही.
जुने शिपाई सांगायचे, दर्जा होता,
झाडू खाली ठेवून बसलेले संपवालेही होते.

नगरपालिकेची महापालिका झाली,
चित्रं जिने उतरत राहिली.
सभागृह, उपाहारगृह, मग माझं भांडार.
दर मार्चला मोजतो.
एका वर्षी तीसच भरली.
एकतिसावं खिडकीत सापडलं,
फुटक्या तावदानाच्या जागी ठोकलेलं,
पाठ पावसाकडे, रंग आत.
ठोकणाऱ्याला तेवढी तरी दया होती.

मागल्या साली विधी विभागाचा माणूस आला.
"सुतारतळ्याचं काही आहे का तुमच्याकडे?"
तिथं तळं कधी नव्हतंच, असं बिल्डरचं म्हणणं.
होतं. एकोणऐंशी, टिपणीस, जलरंग.
कपाटामागून ओढलं, धोतराच्या फडक्यानं पुसलं.
पायऱ्या सात. सातवीला पाणी,
पाण्यात कारखान्याचं धुराडं, उलटं,
आणि कडेला कुणाची तरी एकच चप्पल.

चित्र कोर्टात गेलं, पावतीसह.
चार महिन्यांनी पावतीसह परत आलं.
चित्रकार काय, काहीही काढतो, म्हणाले.

मी ते कपाटामागं नाही ठेवलं.
टेबलासमोर टांगलंय. नियमात बसत नाही.

वहीत शेवटचा रकाना 'सद्यःस्थिती'चा.
चांगली, दुरुस्तीयोग्य, निर्लेखित –
यांतलं एक लिहायचं असतं.
यंदा मी लिहिलं : पाणी सातव्या पायरीला.
लेखापरीक्षकानं खाली लाल पेन्सिलीनं
विचारलंय, म्हणजे किती?