कच्चे वजन

चौतीस वर्षं मी वजनमापं तपासली.
मार्केट यार्डात, भुसार विभागात, सकाळी सातला.
लोखंडी वजनाच्या बुडातलं शिसं काढून मेण भरणारे पाहिले,
पारड्याखाली चिकटवलेला चिंचेचा गोळा पाहिला,
एकदा तर काटा सरळ होता, दुकानदाराचा अंगठाच तिरका.
तेव्हा वजन बदललं की ते कोणीतरी बदललेलं असायचं
आणि त्याचं नाव पंचनाम्यात लिहिता यायचं.

आता साखर एकशे ऐंशी. रक्तातली.
कोथरूडच्या आहारतज्ज्ञ मृण्मयी पेठे,
माझ्या मुलीहून लहान,
म्हणाल्या, "दिवसाला पंधराशे कॅलरी. भात मोजून घ्या."
मी विचारलं, "तांदूळ तोलू की भात?"
त्यांचं पेन थांबलं. "हे कोणीच विचारत नाही, काका."
विचारतील कसे?
सरकारी शिक्का कधी हातात धरलाय का कोणी!

बोहरी आळीतून इलेक्ट्रॉनिक काटा आणला,
जपून ठेवलेल्या शंभर ग्रॅमच्या वजनाशी पडताळला.
इंद्रायणी तांदूळ, साठ ग्रॅम. दोनशे दहा कॅलरी.
कुकरच्या तीन शिट्ट्या.
भात, एकशे बहात्तर ग्रॅम.
वरचे एकशे बारा कुठून आले?
"पाणी," कुमुदिनी म्हणाली, कणिक मळता मळता.
म्हणजे वजन वाढलं, माल वाढला नाही.
आमच्या कायद्यात ह्याला कलम आहे.

रविवारी चिकन. कच्चं दोनशे,
शिजून उरलं एकशे चव्वेचाळीस.
मी ओटा पाहिला, एक्झॉस्ट फॅन पाहिला,
खिडकीतल्या मांजराकडेही पाहिलं. ते नुसतं बसलं होतं.
शिजलेल्याला कच्च्याचा दर लावावा
तर भातात मी उपाशी मरतो
आणि कोंबडीत चोरून खातो.
वाफ काही साक्षीला येत नाही.

रजिस्टर घातलं. जिन्नस, कच्चे वजन, शिजलेले वजन, शेरा.
मेथी, परातभर आत, मूठभर बाहेर.
पोळी तव्यावर चार-पाच ग्रॅमनी हलकी.
शेवग्याची शेंग चावून टाकलेला चोथा
पुन्हा तोलून वजा करावा का,
ह्या मुद्द्यावर मला स्वयंपाकघरातून बाहेर काढण्यात आलं.

नोव्हेंबरात आकडे बिघडले.
साठ ग्रॅम तांदूळ, भात एकशे नव्वद.
दुसऱ्या दिवशी दोनशे सहा.
तांदूळ तोच, काटा तोच, तोलून दिलेला मीच.
मग जुन्या सवयीने, पूर्वसूचना न देता,
साडेअकराला, चपला बाहेर काढून, आत गेलो.
ती ओट्याशी पाठमोरी.
माझ्या छोट्या डब्यात नेहमीचं पाणी,
वर अर्धी वाटी,
मग बोटाचं पेर बुडवून बघून
आणखी एक पळी.

रंगेहाथ.
"ताट रिकामं दिसतं तुमचं," ती म्हणाली, मागे न बघता.
"पहिल्या घासाआधी तुम्ही भाताकडे बघता, मग माझ्याकडे.
आणि पाण्याला कॅलरी नसते, तुम्हीच सांगितलंत."

मी कलम आठवत उभा राहिलो.
भेसळ आमच्या खात्याकडे नव्हती,
दुधात पाणी घालणारे दुसरं ऑफिस धरायचं.
अधिकारक्षेत्राबाहेर.

जेवायला बसलो. भात आसट, पळीला चिकटणारा,
चष्म्यावर वाफ.
कच्चे वजन साठ, लिहिलं.
शिजलेले वजन दोनशे अकरा, लिहिलं.
शेऱ्याचा रकाना तसाच राहिला.
"मेतकूट घालू?" तिने विचारलं.
मी काटा पुढे ओढला, परत मागे सारला.
"चिमूटभर," म्हणालो.
चिमूट आमच्या कुठल्याच अनुसूचीत नाही.
कोणाची चिमूट, तेही विचारलं नाही.