निरंक

पाच दहाला गेटवर
शेलार वॉचमन वही पुढे करतो.
नाव, वेळ, आणि तिसरा रकाना: सोबत.
"एकट्याच?" तो विचारतो, मफलरीच्या आतून.
मी लिहिते, निरंक.
सोमवार ते शुक्रवार विवाह नोंदणीच्या टेबलावर
नावं जोडीनंच उतरवते मी,
साक्षीदार तीन, शिक्का एक.
रविवारी माझी ही एवढी ओळ.

कोंढवा झोपेत. दुधाचे टेम्पो,
आणि माझ्या दिव्याचा वाटीएवढा उजेड.
येवलेवाडीनंतर बोपदेव सुरू होतो
आणि बोलणं थांबतं, मनातलंसुद्धा.
पुढची चकती धाकटी, मागची थोरली,
याहून हलकं आता काही उरलं नाही.
तिसऱ्या वळणावर गुडघा म्हणतो, बाई, चोपन्न.
माहीत आहे, मी म्हणते, दाखला मीच काढून आणला.
मार्केट यार्डाकडे उतरणारी गाडी
पावट्याचा हिरवा वास मागे ठेवून जाते.

भाचीनं युट्रेक्टहून सांगितलं होतं,
मावशी, इकडे चढच नाही गं,
सपाट, कालवा, गाई, पुन्हा कालवा,
फक्त वारा समोरून आला की तोच घाट.
उतार लागला तेव्हा मला तिची कीव आली.
तीन मिनिटं पायांना काही काम नाही,
डोळ्यांत पाणी,
कारण काही नाही, वेग.

चांबळीच्या अलीकडे मागचं चाक फुसकन बसलं.
बाभळीचा काटा.
रस्त्याकडेला कामठ्यांची विहीर,
बादलीत ट्यूब बुडवली, बुडबुडे शोधले.
कामठ्यांची सून पोर कडेवर घेऊन बघत राहिली.
"एकट्याच?"
हो म्हटलं.
"मालक रागवत नाहीत?"
मालक म्हणजे कोण
हे कळायला मला क्षणभर लागला.
पंप मारून झाला, चाक टणक झालं,
तेव्हा ती हळूच म्हणाली,
"एक फेरी मारू?"

पोर माझ्याकडे आलं, शेंबडं, जड,
आणि ती पदर खोचून खळ्याभोवती
आधी लटपटत, मग सरळ,
एक फेरी, दुसरी, तिसरी.
चौथ्या फेरीला तिनं आमच्याकडे बघितलंच नाही.
उतरली तेव्हा धापा टाकत म्हणाली,
शाळेला जायचे मी, सहा किलोमीटर.
मग लग्न झालं.
कुठे नोंदवलंय, हे मी विचारलं नाही.

सासवडला चहा, नारायणपूरच्या रस्त्याला ऊन.
पुरंदर डावीकडून बराच वेळ बरोबर आला,
ढिम्म, काही न विचारता.
केतकावळ्याला मिसळ. कापूरहोळनंतर हमरस्ता,
प्रत्येक ट्रक आपला वारा अंगावर टाकून जातो.
मान खाली, मैलाचे दगड वाचायचे नाहीत.
कात्रजच्या जुन्या बोगद्यात
घंटी वाजवली, उगाच.
बोगद्यानं ती दोनदा परत दिली.

साडेचारला शेलारनं वेळ लिहिली
आणि सायकलकडे बघून हसला.
नखांत सोल्युशन, कोपरावर चेनचं काळं,
पिशवीत कामठ्यांच्या सुनेनं घातलेली चार अंजिरं,
तीन चेपलेली.
नाव विचारायचं राहिलं तिचं.
मी, जी आठवडाभर नावंच विचारते.
चौथं अंजीर बेसिनपाशी उभ्यानं खाल्लं,
हेल्मेट न काढता.